लॉफ्ट काढताय? मग आधी जिना बघा, दारं नंतर

आमचं घर पश्चिम लंडनमधलं, १९०८ सालचं टेरेस. म्हणजे दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, पुढे वीतभर अंगण, आत शिरलं की बोळासारखा लांब हॉल आणि समोरच जिना. दोन मजले. मुलगी मोठी झाली, सासूबाई दर उन्हाळ्यात सांगलीहून येऊन राहायला लागल्या, मग इथे सगळे करतात तेच आम्हीही केलं, पोटमाळा उघडून वर एक बेडरूम आणि बाथरूम काढली. याला इथे लॉफ्ट कन्व्हर्जन म्हणतात. बीम, प्लंबिंग, प्लॅस्टर सगळं वेळेत झालं आणि गाडी अडली ती फायर डोअरपाशी, म्हणजे आगीला काही मिनिटं अडवून धरणाऱ्या दारांपाशी. सहा दारं आम्ही दोनदा विकत घेतली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय. एक आधीच सांगते, हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड यांचे नियम वेगळे, त्यामुळे एडिनबराला राहत असाल तर हे वाचून दारं आणायला धावू नका.

मुळात तुम्हाला फायर डोअर लागतात का?

पुष्कळ जणांना लागत नाहीत आणि तरी विकली जातात. साधं दोन मजली घर आहे, तुम्ही फक्त किचन नवीन करताय, फरशी बदलताय, रंग देताय, तर आतली दारं फायर डोअर करा असं कोणी सांगत नाही. दोन मजली घरात वरच्या खोल्यांना सुटकेची खिडकी चालते, म्हणजे उघडणारा भाग कमीत कमी ०.३३ चौरस मीटर, उंची-रुंदी प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर आणि खिडकीची खालची कड फरशीपासून ११०० मिलिमीटरच्या आत. वेळ आलीच तर माणूस तिथून लोंबकळून खाली उतरू शकतो, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब बिघडतो ४.५ मीटरला. तुमच्या सर्वात वरच्या मजल्याची फरशी बाहेरच्या जमिनीपासून ४.५ मीटरपेक्षा उंच गेली की खिडकीचा पर्याय संपला, तिथून उडी मारून कोणी धड राहत नाही. मग खाली यायला उरतो फक्त जिना. दोन मजली घराचा लॉफ्ट काढला की तिसरा मजला हमखास या ४.५ च्या वर जातो, म्हणून लॉफ्ट म्हटलं की फायर डोअर हा विषय आलाच. घर आधीच तीन मजली असेल आणि त्यावर अजून चढवत असाल, म्हणजे एखादी फरशी ७.५ मीटरच्याही वर, तर मामला जास्त कडक होतो, तिथे आर्किटेक्टशिवाय पाऊल टाकू नका.

अजून एक केस आहे, गॅरेज. घराला चिकटून गॅरेज असेल आणि मधे दार असेल तर ते ३० मिनिटांचं फायर डोअर हवं, आपोआप बंद होणारं हवं, आणि गॅरेजची जमीन एक तर बाहेरच्या बाजूला उतरती हवी नाहीतर दाराचा उंबरठा तिच्यापेक्षा निदान १०० मिलिमीटर वर हवा, पेट्रोल सांडलं तर घरात वाहत येऊ नये म्हणून. इथल्या घरांत उंबरठा असा बघायलाच मिळत नाही, आणि इथे मात्र तो नियमांत आलाय याची मला गंमत वाटते.

हे सगळं ज्या सरकारी मार्गदर्शक पुस्तकात आहे त्याचं नाव अप्रूव्हड डॉक्युमेंट बी, खंड १, घरांसाठीचा. २०१९ ची आवृत्ती, त्यात नंतर दुरुस्त्या झाल्यात. सरकारी वेबसाइटवर फुकट आहे. पूर्ण वाचायची गरज नाही, पण लॉफ्टचा भाग आणि मागचा फायर डोअरचा तक्ता एकदा डोळ्याखालून घाला, बिल्डरशी बोलताना आवाजात फरक पडतो.

पहिलं काम: कागदावर जिना काढा

दारं मोजायच्या आधी हे करा. घराचा कच्चा नकाशा काढा आणि लॉफ्टच्या बेडरूममधून पुढच्या दारापर्यंत, म्हणजे रस्त्यावर पाय पडेपर्यंत, पेन्सिलने रेघ ओढा. ही रेघ ज्या जागेतून जाते ती सगळी जागा, वरचा पॅसेज, जिना, खालचा हॉल, ही एक बंद नळी झाली पाहिजे, जिच्या भिंती ३० मिनिटं आग अडवतील. नळीत जेवढी दारं उघडतात ती बहुतेक सगळी फायर डोअर. बैठकीची खोली, जेवणाची, किचन, सगळ्या बेडरूम. बाथरूमला सहसा सूट मिळते, कारण तिथे जळण्यासारखं फारसं काही नसतं, पण मग बाथरूम आणि शेजारच्या खोलीमधली भिंत आग अडवणारी हवी. जिन्याखालचं कपाट, ज्यात आपण व्हॅक्युम क्लीनर, तांदळाची पोती आणि भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा कोंबतो आणि वर वीज मीटरही तिथेच असतो, त्याबद्दल बांधकाम तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरला आधीच विचारा. आमच्याकडे त्याने आतून फायर बोर्ड लावायला सांगितलं आणि दारही बदलायला लावलं.

आता खरी गोम. खूप जणांनी आधीच्या मालकाच्या काळात किंवा स्वतः हॉल आणि बैठकीमधली भिंत काढून टाकलेली असते, ओपन प्लॅन. म्हणजे जिना थेट बैठकीत उतरतो आणि तुमची पेन्सिलची रेघ सोफ्यावरून जाते. अशा घरात नुसती दारं बदलून भागत नाही. एक तर भिंत परत बांधायची, नाहीतर जिन्याच्या पायथ्याशी दोन वेगळ्या दिशांना बाहेर पडायचे रस्ते आणि त्यांच्यामध्ये आग अडवणारी भिंत नि दार असं काहीतरी बसवायचं, किंवा मग स्प्रिंकलर वा वॉटर मिस्टचा, म्हणजे आगीवर आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा मार्ग, आणि तिथेही किचन वेगळं बंद करा म्हणतातच. हे महागडं प्रकरण आहे, म्हणून लॉफ्टचं कोटेशन घेतानाच विचारा, बीम चढल्यावर नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा, आधीपासून तीन मजली असलेल्या घरात हॉलची भिंत पाडायची हौस आली तर थांबा. जुनं घर आजच्या नियमात बसत नसलं तरी चालतं, पण तुमच्या कामामुळे ते आधीपेक्षा वाईट झालेलं चालत नाही, हे तत्त्व बिल्डिंग रेग्युलेशन्समध्येच आहे.

बिल्डिंग कंट्रोल म्हणजे प्लॅनिंग नव्हे

नवीन माणसाचा इथे कायम गोंधळ होतो. प्लॅनिंग परमिशन म्हणजे बाहेरून घर कसं दिसेल ते, बऱ्याच लॉफ्टना ती लागतच नाही. ‘परमिशन लागत नाही’ एवढं ऐकून लोक खूश होतात आणि बिल्डिंग कंट्रोल विसरतात. ते, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे होतंय का याची तपासणी, प्रत्येक लॉफ्टला लागतं. अर्ज कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, करता येतो किंवा खासगी कंपनीकडे, फक्त एप्रिल २०२४ पासून खासगीवाल्यांनाही रजिस्टर्ड बिल्डिंग कंट्रोल अप्रूव्हर असावं लागतं, ते तपासा. अर्जाचे दोन प्रकार, बिल्डिंग नोटिस आणि फुल प्लॅन्स. नोटिस पटकन होते, पण नकाशे कोणी तपासत नाही, चूक कळते ती थेट बांधल्यावर. जुन्या घराला फुल प्लॅन्सच घ्या. नकाशावर कुठलं दार एफडी२०, कुठलं एफडी३० हे लिहिलेलं असतं आणि त्यावर मंजुरीचा शिक्का असतो, मग नंतर वाद नाही.

एफडी म्हणजे फायर डोअर आणि हे आकडे म्हणजे मिनिटं. एफडी३० म्हणजे चाचणीच्या भट्टीत ३० मिनिटं आगीला आरपार येऊ न दिलेलं दार. एका कुटुंबाच्या घरात जिन्याला लागून असलेल्या दारांना नियम खरं तर २० मिनिटांचंच मागतो, पण दुकानात एफडी२० शोधून सापडत नाही, सगळे एफडी३०च घेतात. मागे एस असेल, एफडी३०एस, तर धूर अडवणारा ब्रश किंवा रबरी पट्टीही आली. आणि आपोआप दार लावणारा क्लोजर एका कुटुंबाच्या घरात आतल्या दारांना सक्तीचा नाही, गॅरेजचं दार सोडून. त्यामुळे रात्री झोपताना किचनचं आणि बैठकीचं दार हाताने लावून घ्यायचं ही जबाबदारी तुमची. आमच्याकडे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात किचनच्या दाराला खलबत्त्याचा दगड लावून ते कायमचं उघडं ठेवलं होतं. दार जड आहे, हातात परात घेऊन ढकलता येत नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता, पण दगड गेला.

खरेदी, आणि आम्ही कुठे आपटलो

साधं आतलं दार ३५ मिलिमीटर जाड असतं, एफडी३० सहसा ४४. वजन पंचवीस-तीस किलो सहज. उंची बहुतेक १९८१ मिलिमीटर, रुंदी ६८६, ७६२ किंवा ८३८. हे आकडे विचित्र वाटतात कारण ते मुळात फूट-इंचातले आहेत, १९८१ म्हणजे साडेसहा फूट. आणि जुन्या घराची गंमत अशी की शंभर वर्षांत घर बसतं, चौकट तिरकी होते, मग यातला एकही आकडा नीट लागत नाही.

आमच्या एका चौकटीत वर ७५१ भरत होतं आणि खाली ७४४. मी सेल बघून ७६२ ची सहा दारं आधीच मागवून ठेवलेली, ओकची, सुंदर. सुतार म्हणाला काही नाही, तासून बसवतो. बसवलीही. दोन दिवसांनी इन्स्पेक्टर आला. त्याने दाराचं कौतुक केलं, खिशातून एक पौंडाचं नाणं काढलं आणि दार-चौकटीच्या फटीत घातलं. हे नाणं २.८ मिलिमीटर जाड असतं, फट ३ च्या आसपास हवी, म्हणजे नाणं जेमतेम सरकायला पाहिजे. आमच्याकडे ते सरळ पलीकडे गेलं आणि जिन्यावरून टणटण करत खाली हॉलमध्ये जाऊन पडलं. मग त्याने दाराची कड बघितली. बाजूची लाकडी पट्टी रंध्याखाली सगळी गेलेली आणि आतला दाबलेला भुसा उघडा दिसत होता. त्या दाराच्या कागदावर प्रत्येक कडेला जास्तीत जास्त ३ मिलिमीटर तासा असं लिहिलं होतं, तो कागद मी प्लॅस्टिकबरोबर रिसायकलिंगमध्ये टाकलेला. सहाही दारं बाद.

तर खरेदीआधी काय करायचं? प्रत्येक चौकट तीन ठिकाणी आडवी मोजा, वर, मध्ये, खाली, दोन्ही बाजूंना उंची मोजा, आणि एक कर्ण या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दुसरा. कर्ण जुळले नाहीत तर चौकट काटकोनात नाही. मग तीन रस्ते आहेत. जुनी चौकट काढून नवीन बसवायची, जी आम्ही शेवटी केली आणि आधीच करायला हवी होती. किंवा मापाप्रमाणे बनवून घ्यायचं, याला वेळ लागतो. किंवा फायर डोअर ब्लँक, म्हणजे मापाला कापता येईल असं कोरं दार, पण तेही त्या ब्लँकच्या सर्टिफिकेटमध्ये जेवढी मुभा आहे तेवढंच कापायचं आणि कडेला परत सांगितलेल्या जातीची लाकडी पट्टी लावायची. किती तासायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, सुताराच्या अंदाजावर सोडू नका, डेटा शीट मागा आणि त्याच्या हातात ठेवा.

दार घेताना वरची कड बघा, तिथे सर्टिफिकेशनचं लेबल किंवा बाजूच्या कडेत रंगीत प्लॅस्टिकचा छोटा प्लग असतो. चढवायच्या आधी त्याचा फोटो काढा, नंतर स्टूल लागतं. काच हवी असेल तर काचेसकट सर्टिफाइड दारच घ्या. साध्या फायर डोअरला घरी भोक पाडून काच बसवली की ते फायर डोअर राहत नाही, मांजराची झडप बसवली तरी तेच. जुन्या आणि नव्या चाचण्यांबद्दलही ऐकाल, ब्रिटिश बीएस ४७६ आणि युरोपियन ईएन १६३४. २ सप्टेंबर २०२९ पासून अप्रूव्हड डॉक्युमेंटमधून जुनी ब्रिटिश पद्धत जाणार आहे, त्यामुळे पर्याय असेल तर युरोपियन चाचणीचं घ्या. आता बसवलेलं काढायला लागेल अशी भीती मात्र नको.

बसवताना

फायर डोअर म्हणजे नुसती फळी धरू नका, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, पट्टी आणि फट हे सगळं मिळून ते दार होतं. बिजागऱ्या तीन, दोन नाही, स्टीलच्या, फायर डोअरसाठी चाचणी झालेल्या. त्यांचं वितळण्याचं तापमान ८०० अंशांच्या वर हवं. डब्यावर ग्रेड १३ असं लिहिलेलं बघा. स्क्रू पूर्ण आणि बरोबर लांबीचे. आमच्या सुताराने पहिल्या वेळी बिजागरीसाठी पटाशीने इतकं खोल कोरलं होतं की मागे पट्टी ठेवायला लाकूडच उरलं नव्हतं.

पट्टी म्हणजे इंट्युमेसंट स्ट्रिप, बहुतेक १५ बाय ४ मिलिमीटरची, दाराच्या कडेत किंवा चौकटीत खाच पाडून दोन्ही बाजूंना आणि वर बसवतात. २०० अंशांच्या आसपास ती फुगते आणि फट बंद करते. म्हणूनच फट महत्त्वाची, ८ मिलिमीटरची फट ती भरणार तरी कशी. वर आणि बाजूंना २ ते ४ मिलिमीटर, खाली थोडी जास्त चालते, पण कार्पेट आणि फरशी आधी टाकून मग खालची फट ठरवा. उलट केलं की दार घासतं, मग परत तासणं, परत तीच गोष्ट. कुलपाचं भोकही शक्य तितकं लहान ठेवा, डेटा शीट म्हणत असेल तर कुलपाच्या पेटीभोवती आणि बिजागरीखाली इंट्युमेसंट पॅड घाला.

आणि जी जागा कोणाला दिसत नाही ती, चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी. जुन्या घरात तिथे बोट जाईल एवढी जागा असते, बिल्डर ती साध्या फोमने भरतो आणि वर झाकायला लाकडी पट्टी ठोकतो. झालं, दिसत नाही. आमच्या इन्स्पेक्टरने एक पट्टी उचकटून बघितली. बारीक फट असेल तर इंट्युमेसंट मॅस्टिक, म्हणजे फटीत भरायचं लुकण, मोठी असेल तर मिनरल वुल दाबून भरून वर मॅस्टिक. ही लाकडी पट्टी लावायच्या आधी प्रत्येक चौकटीचे फोटो काढून ठेवा, आमचं दुसऱ्या वेळचं इन्स्पेक्शन फोटोंवरच दहा मिनिटांत संपलं.

दारांबरोबरच स्मोक अलार्मही येतात, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये, घरच्या विजेवर चालणारे, बॅटरीसकट आणि एकमेकांना जोडलेले. किचनला बंद होणारं दार नसेल तर किचनमध्येही एक लागतो, पण तिथे हीट अलार्म, स्मोक नाही. तो धुराने नाही, उष्णतेने वाजतो, मिरच्यांच्या फोडणीला सगळं घर खोकलं तरी गप्प बसतो.

जुनी दारं ठेवायचीच असतील तर

एडवर्डियन चार पॅनेलची पाइनची दारं मला फार आवडायची, टाकताना जीव तुटला. नियमात यासाठी वाव आहे, दारांना ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय मोल असेल तर ती ठेवून सुधारता येतात. कमकुवत जागा म्हणजे मधली पॅनेलं, ती पातळ असतात आणि तिथूनच आग आधी येते. त्यांच्यावर इंट्युमेसंट रंग, व्हार्निश, कागद असे प्रकार मिळतात, कडेला पट्टी बसवायची, दारही पुरेसं जाड हवं. पण कोणता प्रॉडक्ट, किती कोट, कोणत्या जाडीवर चाचणी झाली, याचा पुरावा बिल्डिंग कंट्रोलला आधी दाखवून लेखी होकार घ्या, रंग मारून मग विचारू नका. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीतलं, असेल तर जुनं दार काढायला किंवा बदलायलाही कौन्सिलची वेगळी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट लागते, आणि ती न घेता केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे. नुसता कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे जतनासाठी ठरवलेला परिसर, असेल तर आतल्या दारांसाठी अशी वेगळी परवानगी लागत नाही.

घर भाड्याने द्यायचं असेल तर

वरचं सगळं एका कुटुंबाच्या घराचं. जुनं घर फोडून फ्लॅट केलेत किंवा खोल्या वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देताय, तर हिशेब बदलतो. फ्लॅटच्या मुख्य दाराला एफडी३०एस आणि आपोआप बंद होणारा क्लोजर हवाच. १४ जून २०१७ ला लंडनमधला ग्रेनफेल टॉवर, फ्लॅटची उंच इमारत, जळला, ७२ माणसं गेली, आणि चौकशीत फ्लॅटच्या दारांचा, न चालणाऱ्या क्लोजरचा मुद्दा ठळक आला. त्यानंतर आलेल्या २०२२ च्या नियमांमुळे ११ मीटरपेक्षा उंच इमारतीत सामायिक दारं दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची दारं वर्षातून एकदा तपासायला लागतात, तुम्ही अशा इमारतीत फ्लॅट घेतलात तर माणूस दार बघायला येईल, त्याला येऊ द्या. पाच किंवा जास्त माणसं, एकापेक्षा जास्त कुटुंबांतली, एका घरात राहत असतील तर लायसन्स लागतं आणि कौन्सिलचा माणूस क्लोजर प्रत्येक दाराचा बघतो. नवीन आलेल्या मुलांना खोल्या देऊन हप्त्याला हातभार लावणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनी हे नीट वाचावं.

शेवटी कागद

काम संपलं की बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय बिल्डरचा शेवटचा हप्ता देऊ नका. घर विकताना समोरचा सॉलिसिटर पहिलं तेच मागतो. आधीच्या मालकाने न विचारता लॉफ्ट काढला असेल तर रेग्युलरायझेशन म्हणून नंतरचा अर्ज करता येतो, पण त्यात प्लॅस्टर फोडून दाखवायची तयारी ठेवा. आणि पूर्वी चुकीचं काम पाडायला लावण्याची नोटिस वर्षभरातच काढता यायची, ऑक्टोबर २०२३ पासून ती मुदत दहा वर्षं झालीय.

सर्टिफिकेट, डेटा शीट, लेबलांचे आणि पट्टीमागचे फोटो हे सगळं आम्ही एका फोल्डरमध्ये ठेवलंय. मागच्या महिन्यात दारं रंगवायला काढली तेव्हा पेंटर ब्रशची पट्टी आणि वरचं लेबल दोन्हीवर रोलर फिरवायच्या बेतात होता. त्याला थांबवून दोन्हीवर चिकटपट्टी लावून दिली.